घरात शुगर, बीपी, हार्टचा पेशंट आहे? व्हायरल तापाआधी, तापात आणि ताप उतरल्यावर काय करायचं

२०२० मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाचं रोजचं करोना पत्रक वाचणाऱ्यांना मृतांच्या आकड्यामागोमाग येणारी एक ओळ आठवत असेल: यांपैकी इतक्या रुग्णांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार आढळले. ओळ खरी होती, पण घरोघरी तिचे भलतेच अर्थ लागले. धडधाकट माणूस निर्धास्त झाला आणि शुगर असलेला घाबरून बसला. शुगर असलेल्याच्या हातात नेमकं काय आहे, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं.

हातात बरंच असतं. फक्त त्यातलं बहुतेक काम ताप चढण्याआधी किंवा उतरल्यावर करायचं असतं आणि आपली सगळी धावपळ चालते ती मधल्या तीन-चार दिवसांत. म्हणून या लेखात तापाच्या आधीचा आणि नंतरचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. औषधांबद्दल जे लिहिलंय ते आपल्या डॉक्टरांसमोर बसून, आपल्या रिपोर्टांशी ताडून बघायचं आहे. लेख वाचून परस्पर गोळी बंद करू नका.

मृत्यू कोणत्या वाटेने येतो

फ्लू किंवा करोनाचा विषाणू फुप्फुसात न्यूमोनिया करतो आणि ऑक्सिजन खाली येतो, ही सगळ्यांना ठाऊक असलेली वाट. जुने आजार असलेल्यांना आणखी काही वाटांनी धोका येतो आणि त्या घरच्यांच्या उशिरा लक्षात येतात.

हार्ट अटॅक ही त्यातली मोठी. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत चरबीचे थर वर्षानुवर्षं साठलेले असतात. संसर्गाशी लढताना शरीरभर जो दाह पेटतो त्याने असा एखादा थर फुटू शकतो, आणि नेमकं याच दिवसांत रक्तही लवकर गोठायला लागतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. फ्लूची चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सुमारे ६ पट निघालं. करोनानंतरच्या आठवड्यांतही हार्ट अटॅक आणि लकवा वाढल्याचं स्वीडनमधल्या नोंदींत दिसलं.

दुसरी वाट हृदयाच्या थकव्याची. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी मिनिटाला साधारण ८ ते १० ठोक्यांनी वाढते. निरोगी हृदय हे झेलतं. ज्याचं पंपिंग आधीच ३०-३५ टक्क्यांवर आलंय, त्याच्या फुप्फुसात या जादा कामाने पाणी साठायला लागतं. बाहेरून ते न्यूमोनियासारखंच दिसतं आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

मधुमेहात गोष्ट आणखी गुंतते. संसर्गाच्या ताणाने शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन सोडतं, त्याने शुगर चढते. चढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि विषाणूमागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया शिरकाव करतो. शुगर चढली की लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. एवढ्यात माणसाने जेवण सोडलेलं असतं आणि गोळ्या मात्र नेहमीच्या चालू असतात, की शुगर एकदम खाली. लठ्ठपणात पोटाचा भार श्वासपटलावर येतो, फुप्फुसं नीट फुगत नाहीत आणि आडवं पडल्यावर त्रास वाढतो.

मग घरात वाद होतो की ते करोनाने गेले की हार्टने. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ हा फॉर्म भरतात. त्यात कारणांची साखळी लिहायची असते: शेवटी काय घडलं, ते कशामुळे घडलं आणि सुरुवात कुठून झाली. जुने आजार खाली वेगळे नोंदवतात. वीस वर्षं शुगर घेऊन चालता-फिरता असलेला माणूस संसर्गानंतर दहा दिवसांत गेला, तर ‘शुगरच होती’ म्हणून संसर्गाला सोडून देता येत नाही. शुगरने त्याचा बचाव दुबळा केला होता, एवढंच म्हणता येतं.

आकडे वाचताना

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांचा हिशेब जाहीर केला. एकूण मृत्यूदर २.३ टक्के होता. हृदयविकार असलेल्यांत तो १०.५, मधुमेह असलेल्यांत ७.३ आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ टक्के. हे आकडे जगभर फिरले आणि बीपीची गोळी घेणारा प्रत्येक जण हादरला. त्यात एक गफलत होती. बीपी, हार्टचे रुग्ण मुळात वयाने मोठे असतात, आणि वय हा या सगळ्यांतला सर्वांत जड घटक आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे वय, लिंग, वजन, इतर आजार सगळं जमेला धरून प्रत्येक आजाराचा वेगळा वाटा काढला. नुसत्या उच्च रक्तदाबाचा स्वतंत्र वाटा जवळजवळ उरलाच नाही. मधुमेह ताब्यात असेल तर धोका सुमारे १.३ पट आणि ताब्यात नसेल तर जवळजवळ २ पट. ताब्यात नसणं म्हणजे एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) साधारण ७.५ किंवा त्यावर. मूत्रपिंडाचं काम फार घटलेल्यांत धोका २.५ पट. खूप जास्त लठ्ठपणातही २ पटींच्या आसपास.

या आकड्यांतून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मधुमेह तोच, पण ताब्यात असणं आणि नसणं यातलं अंतर मोठं आहे आणि ते कमी करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. दुसरं, मूत्रपिंडाकडे कुणी बघतच नाही. घरोघरी बीपीचं मशीन आलं, ग्लुकोमीटर आला, पण ‘तुमचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतंय तो आकडा, किती?’ असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील. बीपीने हुरळून जायचं कारण मात्र नाही, कारण वर्षानुवर्षं सोडून दिलेलं बीपीच हृदय आणि मूत्रपिंड बिघडवतं.

‘दुप्पट’ हा शब्दही जपून घ्यायचा. चाळिशीतल्या माणसाचा मूळ धोका लहान असतो, तो दुप्पट झाला तरी लहानच राहतो. पंचाहत्तरीत दुप्पट म्हणजे खरोखर मोठी उडी.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत ते बघा

आयसीएमआरच्या इंडियाब सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आहे आणि गोवा २६.४ टक्क्यांसह सगळ्या राज्यांत वर आहे. उच्च रक्तदाब ३५ टक्क्यांहून अधिक. यातल्या कित्येकांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नसतं. चाळिशी ओलांडलेल्या आणि घराण्यात शुगर किंवा हार्ट असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, लघवीतलं प्रथिन, कोलेस्टेरॉल आणि बीपी तपासावं. हृदयविकार असेल तर शेवटचा ईसीजी आणि टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट फाईलमध्ये वरच ठेवा. जुना ईसीजी हाताशी असेल तर नव्या ईसीजीतला बदल डॉक्टरांना लगेच कळतो.

बीपी घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, सकाळ-संध्याकाळ दोनदा. चहा पिऊन, जिना चढून, सुनेशी वाद घालून मोजलेलं बीपी वहीत लिहू नका.

हे सगळं उन्हाळ्यातच आटपलेलं बरं, कारण एचबीएवनसी खाली आणायला तीन महिने लागतात आणि पाऊस त्याआधीच येतो.

पायरी २: लस, आणि तीही वेळेवर

युरोप-अमेरिकेत फ्लूची लस थंडीच्या तोंडावर घेतात. तिकडचं बघून आपल्याकडेही अनेक जण ऑक्टोबरपर्यंत थांबतात. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि एक लहान लाट थंडीच्या शेवटी. देशात स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू नोंदला गेला तो पुण्यात, २००९ च्या ऑगस्टमध्ये. लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे जातात, म्हणून महाराष्ट्र-गोव्यात एप्रिल-मे ही चांगली वेळ. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी तर निघण्याआधी लस घेऊनच टाकावी. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. जुने आजार असलेल्यांनी दंडात टोचायची, मृत विषाणूची लस घ्यायची. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस त्यांच्यासाठी नाही.

‘ताप येऊ नये म्हणून एवढं कशाला?’ असं कुणी म्हटलं तर त्यांना आयामी हा अभ्यास सांगा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बांगलादेशासह आठ देशांतल्या २,५७१ रुग्णांना, बहुतेक ताज्या हार्ट अटॅकच्या, फ्लूची लस किंवा नुसतं सलाईन टोचलं. वर्षभरात कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू लस घेतलेल्यांत २.९ टक्के होते, न घेतलेल्यांत ४.९. हृदयरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिन आणि स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या) खाली ही लस लिहिलेली असायला हवी, असं माझं मत आहे. चिठ्ठीवर ती क्वचितच दिसते, त्यामुळे आपणच विचारायचं.

न्यूमोकोकल लस जिवाणूंच्या न्यूमोनियापासून वाचवते. तिचे प्रकार आणि अंतर डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी दंडातली सुई घेता येते, फक्त आधी सांगा आणि नंतर जागा काही मिनिटं दाबून धरा.

पायरी ३: ‘तापाच्या दिवसांचा कागद’ आधीच लिहून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत मोलाचं. नेहमीच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: मला ताप, उलट्या, जुलाब झाले किंवा जेवण गेलं नाही, तर यातल्या कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या थांबवून तुम्हाला फोन करायचा? उत्तर त्यांच्याकडून कागदावर घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

आधी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बसा आणि ब्रँडखाली बारीक अक्षरात लिहिलेली मूळ नावं उतरवा. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असणं नेहमीचं आहे. ग्लिमेपिराइडबरोबर मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टनबरोबर लघवीचं औषध. डॉक्टर फोनवर ‘मेटफॉर्मिन थांबवा’ म्हणाले आणि घरात त्या नावाची गोळीच सापडली नाही, असा घोळ यातूनच होतो.

आता औषधं कशी वागतात ते बघू. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या जेवलात-न जेवलात तरी शुगर खाली ओढतात, म्हणून उपाशीपोटी त्या धोक्याच्या. श्रावणात उपवास, डोक्यावर ताप आणि सकाळी सवयीने घेतलेली गोळी, असं तिन्ही जुळून आलं की दुपारी माणूस घामाघूम आणि बरळत असलेला सापडतो. मेटफॉर्मिन एरवी अत्यंत सुरक्षित, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं किंवा ऑक्सिजन खाली आला तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेव्हा ते काही दिवस थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांचा धोका फसवा आहे: खाणंपिणं बंद असताना त्या चालू राहिल्या तर शुगर २०० च्या आत असूनही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठून माणूस गंभीर होऊ शकतो. हल्ली या गोळ्या हृदय आणि मूत्रपिंडासाठी मधुमेह नसलेल्यांनाही देतात, म्हणून पट्टी नीट वाचा.

इन्सुलिन मात्र जेवत नाही म्हणून बंद करायचं नसतं. जेवणाआधीचा डोस कमी होऊ शकतो, पण दिवसभर टिकणाऱ्या डोसाचं काय करायचं ते डॉक्टरच सांगतील. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण थांबवणं जिवावर बेततं.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल, लोसार्टन या बीपीच्या गोळ्यांनी करोना वाढतो अशी आवई २०२० च्या सुरुवातीला उठली होती. ब्राझीलमध्ये याची रीतसर चाचणी झाली आणि गोळ्या थांबवून काही फायदा झाला नाही. साध्या तापात, पाणी-जेवण नीट चालू असेल तर त्या घ्यायच्या. उलट्या-जुलाब चालू असतील किंवा वरचं बीपी १०० च्या खाली असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचा. लघवीच्या गोळीचंही तेच. मेटोप्रोलोलसारखी नाडी आटोक्यात ठेवणारी गोळी अचानक सोडायची नाही. ही गोळी चालू असेल तर नाडी फार वाढत नाही, म्हणून ‘नाडी नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका. स्टेंट बसवलेल्यांनी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधं स्वतःहून कधीच थांबवायचं नाही. डेंग्यूत प्लेटलेट घसरल्या तर काय करायचं हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा.

पायरी ४: घरातलं सामान

थर्मामीटर, बीपी मशीन, ग्लुकोमीटर आणि मुदतीच्या आतल्या पट्ट्या, ऑक्सिमीटर, वजनकाटा, पॅरासिटामॉल, ओआरएस, साखर. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे लघवीतलं कीटोन बघायच्या पट्ट्या असाव्यात. पंधरा दिवसांची नेहमीची औषधं शिल्लक ठेवा. संपायला आली की आणू, असं म्हणत राहिलं तर ती संपतात रविवारी रात्रीच.

पायरी ५: पहिले ४८ तास

अंगावर काढणं ही आपली जुनी खोड. निरोगी माणसाला ती बहुधा खपून जाते. शुगर, हार्ट, किडनीच्या रुग्णाने मात्र ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. केंद्र सरकारच्या स्वाइन फ्लूच्या वर्गीकरणात हे स्पष्ट आहे. साधा ताप-खोकला असलेल्या निरोगी माणसाला ‘अ’ गटात धरून विश्रांती सांगतात, पण मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तीच लक्षणं ‘ब’ गटाच्या दुसऱ्या भागात जातात आणि चाचणीची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करता येतं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून ईजीएफआरचा आकडा सांगा.

पावसाळ्यात फ्लू, करोना, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळे एकाच सुमारास फिरत असतात. सर्दी-खोकला नसून नुसता कडक ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं असेल तर डेंग्यूची तपासणी करून घ्या.

दुकानातून परस्पर आणायच्या गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठवतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत फिनिलेफ्रिन असतं, त्याने बीपी चढू शकतं. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये बरंच सोडियम असतं, हे हार्टच्या रुग्णांना कुणी सांगत नाही. कफ सिरपमध्ये साखर असते. ताप, अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल पुरतं.

आणि ‘एक सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल’ ही मागणी. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या माणसाला विनाकारण चढवलेली बाटली फुप्फुसात उतरू शकते. ‘ताप आहे, भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही त्याला सरसकट लागू नाही. त्याला दिवसाला किती पाणी ते ठरवून दिलेलं असतं, तापात त्यात किती वाढ करायची ते विचारून घ्या. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, तेव्हा किडनीच्या रुग्णाला ते प्रेमाने पाजू नका. खायला मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, ताक, पेज, थोडंथोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा.

पायरी ६: रोजची वही

आजारी माणसाने स्वतः नव्हे, घरातल्या एकाने ही वही सांभाळावी. शुगर दर चार ते सहा तासांनी. ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन दिवसातून तीनदा. हार्ट फेल्युअर असेल तर सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. लघवी किती वेळा झाली तेही लिहा.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. लागोपाठ दोनदा २५० च्या वर आली तर डॉक्टरांना फोन. ३०० च्या वर असून उलट्या किंवा खोल, जलद श्वास असेल तर थेट रुग्णालय.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम आणि नेलपॉलिश काढलेलं असावं, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यावा. काळसर त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, तेव्हा आकडा बरा असूनही माणूस धापा टाकत असेल तर माणसाकडे बघा. ९४ किंवा वर ठीक. ९० ते ९३ आला तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा, ९० च्या खाली तर एक मिनिटही थांबू नका. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो बरं असतानाच लिहून ठेवलेला हवा.

छातीत दडपण, दरदरून घाम, अचानक धाप, आडवं झोपता न येणं, बोलण्यात असंबद्धपणा, एक बाजू लुळी पडणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसती धाप, घाम, मळमळ, कमालीचा थकवा एवढंच असतं आणि घरचे ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसतात. तापातल्या मधुमेही माणसाला अशी मळमळ झाली की ईसीजी काढून घ्या.

पायरी ७: दाखल करावं लागलं तर

फाईल, औषधांची यादी, जुना ईसीजी-इको, वही, ॲलर्जी, स्टेंटची तारीख, हे सगळं एका पिशवीत. भरतीच्या कागदावर ‘डीएम, एचटीएन’ (मधुमेह, उच्च रक्तदाब) एवढंच लिहिलं जात असेल तर शेवटचा एचबीएवनसी आणि ईजीएफआर आवर्जून सांगा.

स्टेरॉइडबद्दल मात्र घरच्यांना थोडं कळायला हवं. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या करोना रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजन लागलेल्यांतले एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे विसरला गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या रुग्णांनीही स्टेरॉइड घेतलं, शुगर भडकली आणि अनियंत्रित शुगर व स्टेरॉइड या जोडीने म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीचा, रस्ता मोकळा केला. किती जणांचे डोळे, जबडे गेले ते राज्याने पाहिलं. म्हणून फ्लू असो वा करोना, ‘स्टेरॉइड देताय का, कशासाठी, किती दिवस?’ हा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारा.

सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने शुगर दुपारी आणि संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. उपाशीपोटीची शुगर ११० बघून खूश झालात आणि संध्याकाळी पाचला ती ३५० होती, असं सहज घडतं. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा.

पायरी ८: ताप उतरल्यावरचे चार आठवडे

डेंग्यूत खरा धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना असतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती दिसली तर ‘ताप तर गेला’ म्हणून घरी थांबू नका. फ्लू आणि करोनात हार्ट अटॅकचा वाढलेला धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक, पण नंतरही काही आठवडे पूर्ण ओसरत नाही. या काळात ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपीची गोळी चुकवायची नाही. तापात थांबवलेल्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांकडून तारखेनिशी लिहून घ्या. मेटफॉर्मिन ‘थोडे दिवस’ थांबवलं आणि दिवाळीपर्यंत थांबलेलंच राहिलं, अशी घरं कमी नाहीत.

चालणं हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग सपाटीवर दहा मिनिटं, पुढे थोडं थोडं जास्त. चालताना छाती भरून आली, धडधड झाली, चक्कर आली तर थांबून दाखवून या. जिने, टेकडी, जिम, गणपतीच्या रांगेत चार तास उभं राहणं, हे सगळं नंतर.

स्टेरॉइडच्या काळात वाढवलेलं इन्सुलिन स्टेरॉइड थांबल्यावरही तेवढंच घेत राहिलात तर शुगर पहाटे कोसळू शकते. स्टेरॉइड कमी होत जाईल तसा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि शेवटचा डोस झाल्यावर आठवडाभर पहाटे तीनची शुगरही एक-दोनदा बघा. नाक एका बाजूने चोंदणं, गालावर बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, दात हलणं यातलं काही दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा फ्रिजवरचा कागदही सोबत न्या. मधल्या काळात गोळ्या बदललेल्या असतात, म्हणून कागद नव्याने लिहून घ्यावा लागतो.